ऑनलाइन मिळणारं जपानी मेपलचं बियाणं: सोलापूरकरांनी घ्यावं का?

‘कुंडीत पेरा, 15 दिवसांत उगवेल’ असं पाकिटावर छापलं असेल तर ते पाकीट घेऊ नका. जपानी मेपल हे थंड प्रदेशातलं, रंगीत पानांचं शोभेचं झाड; त्याचं बी थंडी खाल्ल्याशिवाय जागं होत नाही, आणि सोलापूरची थंडी त्याला पुरत नाही. निळ्या मेपलचं बियाणं तर सरळ फसवणूक आहे; निळ्या पानांचा मेपल जगात नाही, फोटो रंगवलेला असतो.

विकत घेताना बी कोणत्या हंगामाचं, हे आधी विचारा. पाकीट आलं की दोन बिया ब्लेडने कापून पाहा. आत हिरवट-पिवळा, घट्ट गर असेल तर बी जिवंत. पोकळ किंवा तपकिरी भुकटी निघाली तर पैसे परत मागा.

चांगलं बी कोमट पाण्यात 24 तास भिजवा. मग ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चिमूटभर बुरशीनाशक आणि बी झिपच्या पिशवीत भरून फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात मुळीच नको. 4 अंशांच्या आसपास किमान 90 दिवस लागतात. कोकोपीट मुठीत दाबल्यावर जेमतेम थेंब निघावा. त्याहून ओलं असलं तर बी कुजतं. दर पंधरवड्याला पिशवी तपासा, पांढरा कोंब दिसलेलं बी लगेच पेरा. साठवणीत वाळून टणक झालेलं बी कधी कधी दुसऱ्या थंडीनंतरच उगवतं, म्हणून उरलेलं फेकू नका.

आपल्याकडे वेळ साधणं सगळ्यात महत्त्वाचं. नागपंचमीच्या सुमारास फ्रीजमध्ये ठेवलं तर दिवाळी उलटल्यावर पेरणी होते आणि उन्हाळ्याआधी रोपांना थंडीचे महिने मिळतात. जानेवारीत फ्रीजमध्ये टाकलेलं बी एप्रिलच्या आगीत उगवतं, आणि ती रोपं वाचवणं फार अवघड.

पेरणी 1 सेंटीमीटर खोल करा. काळी माती नको, पाणी धरून ठेवते. कोकोपीट आणि जाडसर वाळू निम्मी-निम्मी घ्या. बोअरचं जड पाणी देऊ नका, मेपलला किंचित आम्ल माती लागते. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. देठ मातीलगत काळा पडून रोप आडवं झालं तर ती बुरशी आहे: पाणी कमी करा, वारा खेळू द्या. मार्चपासून 50 टक्के शेडनेट आणि फक्त सकाळचं ऊन. तरी पानांच्या कडा करपतीलच.

लाल पानांच्या झाडाच्या बियांतूनही बरीच रोपं हिरवी निघतात. शिवाय मोठ्या झाडालाही दर हिवाळ्यात खरी थंडी लागते, त्यामुळे अंगणात लावायला हे झाड इथलं नाही. बोनसायचा सराव आणि फ्रीजमध्ये जागा असेल तर एक पाकीट जरूर घ्या. मेपलच हवा असेल तर ट्रायडंट मेपल या दुसऱ्या जातीचं बी मागा. ऊन तो अधिक सोसतो, थंडीची प्रक्रिया मात्र त्यालाही करावी लागते. फक्त लाल पालवी हवी असेल तर कुसुमाचं रोप आणा. हे आपल्याच रानातलं झाड आहे आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर तांबडंलाल होतं.