बाल्कनीतील वॉटरक्रेस: एका लागवड संचाचा हिवाळाभराचा अनुभव

मागील नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुण्यातील आमच्या पूर्वेकडील बाल्कनीत वॉटरक्रेस या पाण्यात वाढणाऱ्या पालेभाजीच्या लागवडीचा ३९९ रुपयांचा, ऑनलाइन मागवलेला संच मांडला. त्याच्या आदल्या वर्षी याच नावाचे एक स्वस्त पाकीट घेऊन मी फसले होते. त्यातील तांबूस बिया पाण्यात पडताच बुळबुळीत झाल्या, दोन दिवसांत रुजल्या आणि त्यांच्या पहिल्या पानांना तीन-तीन बोटे फुटलेली दिसली, तेव्हा हा बाळंतिणीच्या लाडवांतला आपला हळीवच आहे हे लगेच लक्षात आले. दोन्ही वनस्पती मोहरीच्याच कुळातील आणि चवीला तिखट असल्या, तरी हळीव साध्या मातीत येतो आणि वॉटरक्रेस थंड, वाहत्या पाण्याच्या काठाने पसरते. इंग्रजीत दोहोंच्या नावात ‘क्रेस’ आहे, त्यामुळे विक्रेत्याचा गोंधळ झाला असेल असे मानता येते. पण वाण्याकडच्या हळिवासाठी कितीतरी पट दाम मोजल्याचा राग मात्र गेला नाही.

या संचातील बी अस्सल निघाले, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू. खोक्यात एकात एक बसणारे दोन ट्रे, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट, पाणी फवारण्याची बाटली, चिमूटभर बी आणि माहितीपत्रक होते. खसखशीएवढे बारीक असलेले हे बी उजेडात रुजते, म्हणून ते पृष्ठभागावर भुरभुरून हलकेच दाबायचे असते. माहितीपत्रकात मात्र त्यावर अर्धा इंच थर देण्यास सांगितले आहे. मी अर्ध्या ट्रेत त्यांचे ऐकले आणि अर्ध्यात ऐकले नाही. उघड्या भागात नवव्या दिवशी हिरवी लव दिसू लागली, झाकलेल्या भागात जेमतेम चार रोपे वर आली.

‘दिवसभर कडक ऊन द्यावे’ हा सल्लाही तसाच, कुठल्यातरी थंड प्रदेशासाठी लिहिलेला वाटतो. इंग्लंडमध्ये १८०८ साली केंट परगण्यात विल्यम ब्रॅडबरी यांनी या भाजीची व्यापारी लागवड सुरू केली. पुढे हॅम्पशायरमधील आल्सफर्ड परिसरात तिचे मळे इतके वाढले की १८६५ साली सुरू झालेला तिथला रेल्वेमार्ग आजही ‘वॉटरक्रेस लाइन’ म्हणून ओळखला जातो. तेथील खडूच्या खडकांतून येणारे झऱ्यांचे पाणी बाराही महिने दहा-अकरा अंशांच्या आसपास असते. आमच्या बाल्कनीत डिसेंबरमध्येही दुपारी बाहेरच्या ट्रेतील पाणी कोमट व्हायचे. म्हणून मी ट्रे सकाळच्या उन्हापुरता बाहेर ठेवून नंतर आडोशाला सरकवू लागले आणि पाणी रोज बदलू लागले. वाहते पाणी नसले तरी चालते, पण शिळे चालत नाही; शिवाय साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होण्याची भीती असतेच. बाहेरच्या ट्रेला तळाशी बूच का दिलेले नाही, हे मला अजून उमगलेले नाही. रोज आतला ट्रे ठिबकत उचलून धरायचा आणि दुसऱ्या हाताने बाहेरचा रिकामा करायचा, ही कसरत साठीच्या माणसाला झेपणारी नाही.

पहिली खुडणी सहा आठवड्यांनी झाली आणि दोन मुठी पाला मिळाला. चव मुळ्याच्या पाल्याहून कोवळी, तरी शेवटी नाकात झणझणणारी आहे. शिजवल्यावर तो तिखटपणा उरत नाही, त्यामुळे दह्यातील कोशिंबिरीत किंवा वाढलेल्या पिठल्यावर ती कच्चीच घालावी. गुरे-मेंढ्या फिरणाऱ्या ओढ्याकाठची वॉटरक्रेस कच्ची खाल्ल्यास यकृतातील चपट्या कृमींची बाधा होऊ शकते, पण नळाच्या पाण्यावर घरी वाढवलेल्या भाजीला हा धोका नाही. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती आहारात वाढवू नये, कारण तिच्यात ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते. ही सूचना खोक्यावर हवी होती.

तिच्याऐवजी तेथे ‘जगातील सर्वांत पौष्टिक भाजी’ असे ठळक छापले आहे. २०१४ साली अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या नियतकालिकात आलेल्या क्रमवारीत वॉटरक्रेसला शंभरपैकी शंभर गुण मिळाले होते, हे खरे. परंतु ते गुण उष्मांकाच्या प्रमाणात मोजलेले होते आणि पाणीदार पालेभाज्या अशा हिशेबात आपोआप वर येतात. दोन मुठींच्या पिकावर एवढी मोठी घोषणा शोभत नाही.

संचाने न सांगितलेली सर्वांत उपयोगी गोष्ट मला अपघातानेच कळली. खुडलेल्या काड्या पेल्यातील पाण्यात ठेवल्या असता आठवड्याच्या आत त्यांच्या पेरांना पांढरी मुळे फुटली आणि त्या काड्यांवर एका जुन्या पसरट टबात जानेवारीत दुसरे, पहिल्याहून दाट पीक आले. फेब्रुवारीअखेर उन्हाची झळ लागताच झाडे उंच वाढली, चार पाकळ्यांची बारीक पांढरी फुले आली आणि पाने कडू झाली.

खऱ्या बियांसाठी आणि टिकाऊ ट्रेंसाठी मी या संचाला पाचपैकी तीन तारे देते. राहिलेले दोन माहितीपत्रकाने घालवले. विक्रेता नुसते बी वेगळे विकत नाही, म्हणून मार्चमध्ये वाळलेल्या शेंगांमधले बी मी कागदाच्या पुडीत बांधून ठेवले आहे.