स्पीकरखाली फोमची गादी की रबरी पाय?

टेबलावर किंवा पुस्तकांच्या फळीवर छोटे स्पीकर ठेवून ऐकणाऱ्याला आयसोलेशन पॅडचा, म्हणजे स्पीकरचे कंप टेबलात उतरू नयेत म्हणून खाली ठेवायच्या मऊ आधाराचा, विचार कधी ना कधी करावाच लागतो. खालचा स्वर लागला की टेबल घुमतं, खर्ज फुगतो आणि गाणाऱ्याचा आवाज त्यात बुडतो. मग पर्याय शोधायला लागलं की दोन गोष्टी समोर येतात. एक, स्पीकरच्या डब्याच्या अख्ख्या बुडाखाली बसणारी उतरती फोमची गादी. दुसरी, कोपऱ्यांखाली ठेवायचे मऊ रबराचे अर्धगोल पाय. मी फोम दीड वर्ष वापरला आणि त्यानंतर आज तीन वर्षं रबर वापरतो आहे. स्पीकर, टेबल आणि बसायची जागा या काळात बदललेली नाही, त्यामुळे ही तुलना बऱ्यापैकी न्यायाची व्हावी.

मोजमापाची उपकरणं माझ्याकडे नाहीत. माझ्या टेबलाला उजवीकडे एक ड्रॉवर आहे आणि त्याला पितळेची लोंबती कडी आहे. पॅड नसताना डग्ग्याची घुमक लांबली की ती कडी झणझणायची. फोनवरून 20 ते 200 हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावला, तर साधारण 90 ला ती सुरू व्हायची आणि 110 च्या पुढे गप्प व्हायची. टेबलावर ठेवलेला तळहात आणि ही कडी, एवढ्यावरच पुढचं सगळं म्हणणं उभं आहे.

दोन्ही पॅडचं तत्त्व एकच आहे. डबा म्हणजे वजन आणि खालचं मऊ साहित्य म्हणजे स्प्रिंग. या जोडीची स्वतःची एक वारंवारता असते. तिच्या सुमारे 1.4 पटीपासून वरचे कंप टेबलापर्यंत कमी पोहोचतात; दुपटीला ढोबळमानाने एक तृतीयांश, तिपटीला एक अष्टमांश. त्या वारंवारतेच्या आसपास मात्र कंप उलट वाढतात. वजनाखाली साहित्य 1 मिलिमीटर दबलं तर ही वारंवारता 16 हर्ट्झच्या जवळ येते, 4 मिलिमीटर दबलं तर 8 च्या जवळ, आणि पाव मिलिमीटरच दबलं तर 32 च्या. फोम आणि रबर कंपांच्या बाबतीत नुसत्या वजनाखाली दिसतात त्याहून जरा ताठ असतात, म्हणून खरा आकडा थोडा वरच धरावा. यातून एक गोष्ट कळते: डबा ठेवल्यावर जे दबतच नाही, ते काही अडवत नाही. आणि जे दबून तळाला टेकलं, त्याचाही उपयोग संपला. माझी पुढची सगळी तक्रार या दुसऱ्या वाक्याची आहे.

फोमबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. पहिल्याच संध्याकाळी कडी गप्प झाली. टेबलावर हात ठेवला तर आधी जो थरकाप जाणवायचा तो जवळजवळ नाहीसा झाला होता. गादीला उतार असल्यामुळे डब्याचं तोंड वर झालं, ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, कानाच्या रोखाने आला आणि शब्द सुटे ऐकू यायला लागले. वजन, कडकपणा, काहीच बघावं लागलं नाही. आणली, ठेवली, झालं. ज्याला या भानगडीत फार शिरायचं नाही त्याला हा सोपेपणा मोलाचा वाटेल, आणि त्यात गैर काही नाही.

पण या सुधारणेचं श्रेय कुणाला द्यायचं, हा प्रश्न मला काही दिवस सतावत राहिला. म्हणून फोम काढून तेवढ्याच उताराची लाकडी पाचर डब्यांखाली ठेवून ऐकलं. शब्दांचा सुटेपणा जवळजवळ तसाच राहिला. कडी मात्र पुन्हा झणझणायला लागली. म्हणजे मी ज्याला आयसोलेशनची करामत समजत होतो, त्यातला मोठा भाग नुसत्या कोनाचा होता. माझ्या मते फोमच्या गादीची जी स्तुती ऐकू येते, तिच्यात हे दोन फायदे एकत्र मोजलेले असतात. निवड करताना ते वेगळे धरले तर पुढचा विचार सोपा जातो.

टेबलाच्या पृष्ठभागावरून उसळून येणारा आवाज हा आणखी एक वेगळा विषय. समजा आवाज टेबलापासून 20 सेंटीमीटरवरून निघतो, कान 40 सेंटीमीटरवर आहे आणि मधलं अंतर 80 सेंटीमीटर आहे. सरळ येणारा आवाज सुमारे 82 सेंटीमीटर चालतो आणि टेबलावर आपटून येणारा बरोबर 100. या साडेसतरा सेंटीमीटरच्या फरकामुळे हजार हर्ट्झच्या जरा खाली दोघं एकमेकांना खातात. हा पट्टा ऐन मानवी आवाजातला आहे. डबा उंच केला की आवाजातला हा खड्डा खालच्या स्वरांकडे सरकतो, जात नाही. पॅड फोमचा असो वा रबराचा, इथे उपयोग फक्त उंची आणि कोनाचा. साहित्याचा काही संबंध नाही.

आता ज्या कारणामुळे मी फोम सोडला ते.

माझ्या जोडीत अँप्लिफायर उजव्या डब्यात आहे. अशा जोड्यांमध्ये एक डबा दुसऱ्यापेक्षा जड असतोच. माझा उजवा साधारण 5 किलोचा आणि डावा साडेतीनचा. शिवाय उजव्याचं जास्तीचं वजन मागच्या बाजूला, जिथे उतरत्या गादीची पातळ कड येते. सव्वा वर्षाच्या सुमारास एका रात्री कडी परत वाजली. मला वाटलं ड्रॉवर ढिला झाला असेल. स्क्रू आवळले, तरी वाजत राहिली. मग कडीखाली कापडाची पट्टी चिकटवली. कडी थांबली, पण आता टेबलाची मागची फळी गुरगुरायला लागली. त्या आठवड्यात मी टेबलाच्या मागे वाकून जेवढा वेळ घालवला तेवढा ऐकण्यात घालवला नाही. दरम्यान गायकाचा आवाज मधोमध न राहता किंचित डावीकडे कलल्यासारखा वाटायचा. तो कदाचित मनाचा खेळ असेल, मी त्यावर जोर देत नाही.

शेवटी फोनमधला कोनमापक दोन्ही डब्यांच्या माथ्यावर ठेवून पाहिला. डावीकडे 7 अंश, उजवीकडे 10. गादी बाहेर काढली तर मागची कड निम्मीही उरली नव्हती, आणि डबा उचलून रात्रभर तशीच ठेवली तरी ती फुगून वर आली नाही. सतत वजनाखाली राहिलेला फोम असा कायमचा बसतो. त्याच्यातली हवेची जागा कमी होते आणि तो ताठ होतो. मी दोन्ही गाद्यांची अदलाबदल केली. फळीची गुरगुर थांबली, पण जेमतेम दोन महिने.

फोम वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझा त्रास वेगळा होता. तो बिघडतो तेव्हा कळत नाही. तार तुटली की आवाज बंद होतो, कळतं. फोम मात्र रोज थोडा थोडा बसत जातो आणि आपला कानही रोज तेवढाच त्याला सरावतो. पुन्हा गुरगुर सुरू झाली की आपण दोष स्पीकरला देतो, अँपला देतो, टेबलाला देतो. तुमचे दोन्ही डबे सारख्या वजनाचे आणि हलके असतील, तर हा अनुभव तुम्हाला खूप उशिरा येईल, किंवा कदाचित येणारही नाही.

रबरी पायांकडे वळलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली की इथे आणून ठेवण्याचा सोपेपणा नाही. वजन करावंच लागतं. मी घेतले ते सॉर्बोथेनचे अर्धगोल. हे पॉलियुरेथेन जातीचं रबरासारखं साहित्य आहे, पण असं की ते स्प्रिंगसारखं उसळत नाही. कंपाची बरीचशी शक्ती आतल्या आत जिरवतं. त्याचा कडकपणा शोअर 00 या मापात सांगतात आणि 30, 50, 70 असे आकडे नेहमी दिसतात. आकडा मोठा तितकं रबर कडक. पाय आपल्या उंचीच्या साधारण 10 ते 20 टक्के दबला तर निवड जमली असं समजायचं. त्याहून कमी दबला तर तो नुसता ठोकळा, आणि पसरून चपटा झाला तर रबर मऊ पडलं.

कोन हवा होता, म्हणून मी प्रत्येक डब्याखाली किलोभर वजनाची एक जाड फळी घेतली. पाय सपाट टेबलावर, पायांवर फळी, फळीवर लाकडी पाचर आणि तिच्यावर डबा. पाचर पायांच्या खाली ठेवू नका. उतारावर मऊ पाय हळूहळू एका बाजूला झुकतात. फळीसकट उजवीकडे 6 किलो झाले, डावीकडे साडेचार. उजव्याला चार पाय दिले, डाव्याला तीन. म्हणजे दोन्हीकडे प्रत्येक पायावर दीडच किलो येतो आणि सगळे पाय सारखेच दबतात. फोमच्या गादीत हे जमवायला वावच नव्हता. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

पाय पहिल्या आठवड्यात थोडे बसले आणि मग थांबले. फळीची गुरगुर थांबली, एवढं फोमनेही केलं होतं. पण तळहाताला फरक जाणवला. फोमवर अगदी खालच्या स्वरांना टेबल थोडं तरी हलायचं, रबरावर तेही जवळपास गेलं. वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, समोर-मागे हलतो, वर-खाली नाही, आणि अर्धगोल पाय आडव्या दिशेने सहज कलतात. रबराची सरशी झाली त्यात याचाही वाटा असावा.

डब्याला बोट लावलं की तो डुलतो, हे बघून पहिल्यांदा मन साशंक होतं. डबा असा डुलत असेल तर खर्ज पातळ होणार नाही का? पाच इंची वूफरचा हलणारा भाग साधारण 10 ग्रॅमचा आणि डबा 5 किलोचा, म्हणजे पाचशेपट. वूफरचा शंकू 5 मिलिमीटर पुढे गेला तर डबा मिलिमीटरचा शंभरावा भाग मागे जातो. माझ्या कानाला खर्ज पातळ वाटला नाही. आधीपेक्षा कमी वाटला, हे मात्र खरं, कारण टेबलाने घातलेली भर गेली. ती भर आवडणारे लोकही असतात. त्यांना पहिले काही दिवस रुखरुख लागेल, आणि त्यांचं मत मी चुकीचं म्हणणार नाही.

रबराचे त्रासही आहेत. सगळ्यात मोठा म्हणजे डाग. मऊ रबरातला तेलकट अंश पॉलिशमध्ये उतरतो आणि लाकडावर गडद गोल उमटतात, ते पुसून जात नाहीत. मी प्रत्येक पायाच्या खाली-वर जाड प्लॅस्टिकचा तुकडा ठेवतो. दुसरं, त्यावर धूळ बसते. साबणाच्या पाण्याने धुतलं की चिकटपणा परत येतो. तिसरं, उंच आणि अरुंद डबा चार मऊ पायांवर सहज कलंडू शकतो, तिथे पाय जितके बाहेर सरकवता येतील तितके सरकवावेत.

टोकदार खिळ्यांचा पर्याय मी टेबलासाठी धरतच नाही. ते डब्याला खालच्या पृष्ठभागाशी घट्ट जोडतात, आणि इथे आपल्याला सोडवायचं आहे. स्क्वॉशचे चेंडू अर्धे कापून वापरणारे आहेत. करून बघायला छान, फक्त वजनाचा मेळ बसणं नशिबावर.

दोन्हींपैकी काहीही घ्या, पण भिंतीचं अंतर आधी बघा. डबा मागच्या भिंतीपासून 60 सेंटीमीटरवर असेल तर भिंतीवरून परतणारा आवाज 143 हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खातो, मीटरभर असेल तर 86 च्या आसपास. हा खड्डा पॅडने भरत नाही, डबा सरकवूनच हलतो. शेजारी किंवा खालच्या मजल्यावर आवाज जातो म्हणून पॅड घ्यायचा असेल, तर जमिनीतून जाणारा भाग कमी होईल. हवेतून भिंत ओलांडून जाणारा खर्ज तसाच जाणार.

वरचेवर जागा बदलावी लागत असेल, डबे दोन किलोच्या आतले असतील, किंवा आवाज फक्त बोलण्या-ऐकण्यापुरता हवा असेल, तर मी फोम घ्या असंच सांगेन. इतक्या हलक्या डब्याला पुरेसं मऊ रबर मिळवणं कठीण जातं. फोम घेतलात तर गादीची मागची कड आज किती जाड आहे ते मोजून कुठेतरी लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. डबे जड असतील, त्यातही एक जास्त जड असेल, आणि ते एकाच जागी वर्षानुवर्षं राहणार असतील, तर रबरावर एक रविवार खर्च करणं मला तरी परवडलं.

गेल्या महिन्यात कोनमापक परत ठेवून पाहिला. डावीकडे 7, उजवीकडे 7. मग कडीखालची कापडाची पट्टी काढून टाकली आणि तोच चढता सूर पुन्हा लावला. 90 गेलं, 110 गेलं, कडी हलली नाही.