ट्वीडच्या दोन्ही काठांवरची खानेसुमारी : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या सासूबाई 88 वर्षांच्या आहेत. त्यांच्या वडिलांचे घराणे इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवर शेतमजुरी करणारे होते, एवढेच घरात ठाऊक होते. आपले लोक सीमेवरच्या ट्वीड नदीच्या अलीकडचे, म्हणजे इंग्लंडचे, की पलीकडचे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यासाठी मी गेले आठ महिने जुन्या जनगणनांच्या नोंदी वाचत आहे. इंग्लंडच्या नोंदींसाठी वार्षिक वर्गणीचे एक संकेतस्थळ घेतले, स्कॉटलंडसाठी ‘स्कॉटलंड्सपीपल’ हे सरकारी संकेतस्थळ वापरले आणि पडताळणीसाठी ‘फ्रीसेन’ व ‘फॅमिलीसर्च’ ही दोन विनामूल्य साधने हाताशी ठेवली.

इंग्लंडच्या बाजूने सुरुवात सोपी झाली. 1911 च्या जनगणनेचा कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला तक्ता इंग्लंडमध्ये जपलेला आहे. लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली आणि त्यांतली किती हयात आहेत, हेही त्यात विचारले होते. सासूबाईंच्या आजोबांच्या हस्ताक्षरात ‘नऊ, सहा, तीन’ हे आकडे वाचताना त्यांनी चष्मा काढून ठेवला. गेलेल्या तीन मुलांविषयी घरात कोणी कधी बोलले नव्हते. तिथून एकेक दशक मागे जात मी त्यांच्या पणजोबांपर्यंत पोहोचले आणि तिथे गाडी अडकली.

सीमाभागातली पहिली अडचण अशी, की प्रत्येक देशाने आपल्या माणसाचे जन्मस्थान बारकाईने विचारले आणि शेजारच्याचे उडवून लावले. 1841 मध्ये इंग्लंडच्या प्रगणकाने, माणूस त्याच काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) जन्मला का, एवढेच ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिले; स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्यासाठी एकच अक्षर पुरेसे होते. 1851 पासून पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) आणि काउंटी लिहू लागले, परंतु ते स्वदेशी जन्मलेल्यांसाठीच. परक्या बाजूच्या माणसापुढे नुसते देशाचे नाव लिहिले तरी प्रगणकाचे काम भागत होते. पणजोबांच्या नावापुढे 1851, 1871 आणि 1881 अशा तिन्ही वेळा ‘स्कॉटलंड’ एवढाच शब्द आहे, आणि त्यावरून माणूस शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे.

1861 मध्ये तर हे कुटुंब इंग्लंडमध्ये सापडेचना. जवळजवळ तीन महिने मी आडनावाची सगळी रूपे बदलून पाहिली आणि नोंदवहीची पाने हरवली असावीत, असा निष्कर्षही काढून टाकला. उत्तर त्यांच्या व्यवसायात होते. पणजोबा ‘हाइंड’ होते, म्हणजे आपल्या भाषेत सालगडी : वर्षाचा करार, राहायला झोपडी आणि मजुरीचा मोठा भाग धान्याच्या रूपाने. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचे साल बदलते, तसे तिथे मेच्या मध्यावर बदलत असे आणि गाडीत सामान घालून कुटुंबे नव्या शेतावर जात. मालक नदीच्या कोणत्या काठावरचा आहे, याने त्यांना फरक पडत नव्हता. 7 एप्रिल 1861 च्या रात्री हे कुटुंब नदीपलीकडे स्कॉटलंडच्या बेरिकशायर काउंटीत होते.

तो स्कॉटिश कागद उघडला आणि चित्र उलटे झाले. पणजोबांच्या नावापुढे ‘बेरिकशायर, एकल्स’ असे स्वच्छ लिहिले होते आणि पणजी व मोठी मुले मात्र आता नुसती ‘इंग्लंड’ झाली होती. स्कॉटलंडने त्या वर्षापासून खिडकी असलेल्या खोल्यांची संख्याही विचारली. या घरात माणसे सात आणि तशी खोली एक. सातांपैकी एक 19 वर्षांची मुलगी ‘बाँडेजर’ म्हणून नोंदली आहे. तो शब्द वाचून मला आधी वेठबिगारच आठवली. प्रत्यक्षात, सालगड्याने स्वतःबरोबर शेतकामाला एक बाई पुरवायची, अशी त्या भागात कराराची अट असे आणि घरात तशी कोणी नसल्यास बाहेरची मुलगी मजुरीवर ठेवावी लागे. घरात राहणाऱ्या अशा परक्या मुलीला नातेवाईक समजून वंशावळीत चिकटवण्याची चूक सहज होऊ शकते.

पणजीने मला वेगळ्याच रीतीने फसवले. 1851 मध्ये तिचा जन्म ‘डरहॅम, नॉरॅम’ येथे आणि 1871 मध्ये ‘नॉर्थंबरलंड, नॉरॅम’ येथे नोंदला आहे, त्यामुळे पहिली बायको वारल्यावर पणजोबांनी त्याच नावाच्या दुसऱ्या बाईशी लग्न केले, अशी कथा मी रचून सासूबाईंना सांगूनही टाकली. खरे तर नॉरॅमचा परिसर ट्वीडकाठी असूनही 1844 पर्यंत दूरच्या डरहॅम काउंटीचा तुटक तुकडा होता. त्या वर्षीच्या कायद्याने तो नॉर्थंबरलंडमध्ये गेला. बाई एकच होती, काउंटी बदलली होती. बेरिक हे शहर बेरिकशायरमध्ये नाही, हेही याच भागाचे वैशिष्ट्य आहे. म्हणून इथे शोधताना काउंटीचा फिल्टर लावूच नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आता साधनांविषयी. वर्गणीच्या संकेतस्थळावर इंग्लंडच्या मूळ पानांची छायाचित्रे हवी तितकी पाहता येतात, हा मोठा फायदा आहे, पण टंकलेल्या नकलेवर विसंबू नये. माझ्या एका नोंदीत ‘हाइंड’चे ‘हँड’ झाले होते आणि एका पाच वर्षांच्या मुलाचे वय पंधरा. दुरुस्ती पाठवून चार महिने झाले, उत्तर आलेले नाही. स्कॉटलंड्सपीपलवर वर्गणी नाही. एका पानाला सहा क्रेडिट म्हणजे दीड पौंड पडतो. हा हिशेब सुरुवातीला मला जाचक वाटला, पण प्रत्येक पान पैसे देऊन उघडायचे असल्यामुळे मी आधी विचार करू लागले, आणि मोफत छायाचित्रांत रमून वाया घालवलेल्या रात्री पाहता तेच बरे म्हणायचे. फॅमिलीसर्चवर 1881 ची इंग्लंड-वेल्सची नक्कल विनामूल्य आहे. ती स्वयंसेवकांनी केलेली असून माझ्या कामापुरती वर्गणीवाल्या नकलेहून अचूक निघाली. फ्रीसेनमध्ये सगळ्या काउंट्या आणि सगळी वर्षे नाहीत, हे धरून चालावे.

जनगणनेने जिथे हात टेकले, तिथे स्कॉटलंडच्या जन्ममृत्यूच्या दाखल्यांनी सावरले. इंग्लंडमध्ये नागरी नोंदणी 1837 पासून आहे, स्कॉटलंडमध्ये 1855 पासून. पण उशिरा सुरू करणाऱ्यांनी जास्त विचारले. पणजोबा इंग्लंडमध्ये वारले, त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यात वय, व्यवसाय आणि कारण यापलीकडे काही नाही. त्यांचा धाकटा भाऊ स्कॉटलंडमध्येच राहिला आणि तिथेच वारला; त्याच्या दाखल्यात वडिलांचे नाव आणि आईचे माहेरचे आडनावही आहे. आपला माणूस ज्या बाजूला गेला त्या बाजूचे कागद मुके असतील, तर मागे राहिलेल्या भावंडांचे कागद काढावेत.

एक प्रश्न मात्र शेवटपर्यंत राहिला होता : पणजोबा-पणजींचे लग्न. 1851 मध्ये ती दोघे नवराबायको आहेत, पण दोन्ही बाजूंच्या मला मिळालेल्या चर्चच्या वह्यांत त्या लग्नाची नोंद नव्हती. 1861 च्या त्या स्कॉटिश पानावर तीन महिन्यांचे एक बाळ आहे, याकडे मी काही महिने दुर्लक्ष केले होते. स्कॉटलंडमधल्या जन्माच्या दाखल्यात 1861 पासून आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण लिहीत असत, आणि हे बाळ त्याच वर्षीच्या जानेवारीतले. खात्यात उरलेली सहा क्रेडिट मी त्या दाखल्यावर घालवली. तारीख 1849 मधली होती आणि ठिकाण होते कोल्डस्ट्रीमचा पूल, म्हणजे नदीच्या स्कॉटिश टोकाचे ते टोलघर, जिथे 1856 च्या कायद्याने 21 दिवसांच्या वास्तव्याची अट घालेपर्यंत इंग्लंडमधली जोडपी पूल ओलांडून येत आणि साक्षीदारांपुढे लगेच लग्न लावून त्याच पुलावरून परत जात.