लुक्ला: विमानाने गाठावे की चालत?

दर रविवारी सिंहगड चढून एव्हरेस्ट बेस कॅम्पची तयारी करणाऱ्या पुणेकरांना एक प्रश्न हमखास पडतो: जिथून ही चाल सुरू होते त्या नेपाळमधल्या लुक्ला गावी छोट्या विमानाने उतरावे, की खालच्या सल्लेरी गावापर्यंत जीपने जाऊन पुढे चालावे? धास्ती असते ती धावपट्टीची, आणि ती अगदीच अनाठायी नाही. सुमारे २,८५० मीटर उंचीवरची ही पट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब असून तिला जवळजवळ १२ टक्के चढ आहे. खालच्या टोकाला दरी आणि वरच्या टोकाला डोंगर असल्यामुळे अगदी जवळ आलेल्या विमानाला पुन्हा वर उचलण्याची सोय नाही. मात्र उतरणाऱ्या विमानाला आवर घालतो तो हाच चढ. माझ्या मते निर्णय भीतीवर नव्हे, शिल्लक रजेवर घ्यावा.

काठमांडूहून उड्डाण अर्ध्या तासाचे असले, तरी गर्दीच्या हंगामात बहुतेक विमाने रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तासांचा घाटरस्ता आलाच. सामानाची मर्यादा हातातल्या सॅकसह साधारण १५ किलो असते. (काट्यापुढे उभा राहून मी चिवड्याचे पुडे जाकिटाच्या खिशांत कोंबले होते.) दुपारी वारा आणि ढग येतात, म्हणून सकाळ हुकली की बहुधा दिवस गेला. परतताना मी असा दोन दिवस अडकलो आणि पुण्याचे तिकीट वाया गेले.

सल्लेरीला जीपने अख्खा दिवस लागतो, आणि तिथून लुक्ल्याची वाट गाठायला साधारण तीन दिवसांची चाल. वाटेत खेचरांच्या तांड्यांमागून चिखल तुडवावा लागतो आणि दूधकोशी नदीपर्यंत उतरून पुन्हा चढावे लागते. पण ५६० मीटरवरच्या पुण्यातून निघालेल्या माणसाचे पाय आणि दम यांना या चालीतच वळण लागते. विमानाने आलेला मात्र दुसऱ्याच दिवशी बेस कॅम्पच्या वाटेवरच्या, ३,४४० मीटर उंचीच्या नामचे गावात पोहोचतो आणि विरळ हवेने डोके धरून बसतो. १९६४ मध्ये एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने ही पट्टी झाली. त्याआधी, १९५३ च्या पहिल्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेसह, सारेच चालत जात.

रजा दोन आठवड्यांचीच असेल, तर विमानाला पर्याय नाही. पण त्यातले दोन दिवस परतीसाठी मोकळे ठेवता येत नसतील, तर बेत पुढे ढकलावा. तीन आठवडे मिळत असतील, तर जाताना चालावे आणि येताना उडावे. काठमांडूकडे परतताना उजवीकडची खिडकी धरावी, हिमशिखरे त्याच बाजूला असतात.