मातकट ढगांची कॅसेट: लातूरच्या एका दुरुस्ती दुकानाचा अनुभव

लातूरच्या गंजगोलाईलगत जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या दुकानातून मी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ गेमच्या मूळ कॅसेटमध्ये बदल करून घेतला. कल्पना सर्वस्वी माझी नव्हती. अमेरिकी कलावंत कोरी आर्केंजल यांनी २००२ मध्ये १९८५ च्या याच खेळातून सर्व काही पुसून केवळ सरकते ढग शिल्लक ठेवले होते. मला मात्र ते ढग मातकट हवे होते, कारण २०१६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी हे शहर अजून विसरलेले नाही.

या कॅसेटमध्ये चित्रांची ८ किलोबाइटची आणि आज्ञावलीची ३२ किलोबाइटची अशा दोन स्वतंत्र चिप असतात. रंगांची निवड आज्ञावलीत असल्यामुळे कारागिरांनी चित्रांच्या चिपला हात न लावता दुसरी अलगद उतरवली आणि तिच्या जागी, मी घरी तयार केलेली आज्ञावली भरून, अतिनील प्रकाशाने पुसता येणारी चिप बसवली. या खेळात ढग आणि झुडपे एकाच आकृतीची असून फक्त रंगांनी वेगळी दिसतात. त्यामुळे मातकट ढग थेट वाळलेल्या झुडपांसारखे दिसू लागले. हा योगायोग मला मूळ कल्पनेपेक्षाही आवडला.

सोल्डरिंग नेटके आहे, मजुरीही वाजवी. मात्र चार दिवसांच्या कामाला सोळा दिवस लागले, आणि काळ्या रेझिनच्या थेंबाखाली चिप झाकलेल्या स्वस्त कॅसेटी येथे स्वीकारल्या जात नाहीत. नेण्यापूर्वी कॅसेट उघडून पाहावी.