बायकांसाठी वेगळा बार ठेवणारं तालुक्यातलं वेटलिफ्टिंग केंद्र

दर्यापूर भागात, बंद पडलेल्या जिनिंगच्या टिनाच्या गोदामात आता वेटलिफ्टिंग शिकवतात. मी वर्षभरापासून जाते. वय अडतीस, घरचं कृषी केंद्र मीच पाहते. दुकानात येणाऱ्या बायका हळूच विचारतात, "ताई, तिथं गेलं तर चालते का आपल्याले?" म्हणून हे सविस्तर लिहिते.

चालते. नक्की जा.

मोठं कारण म्हणजे बार, म्हणजे ज्याला वजनाच्या चकत्या लावतात तो लोखंडी दांडा. बायकांचा बार १५ किलोचा आणि २५ मिलिमीटर जाड, पुरुषांचा २० किलोचा आणि २८ मिलिमीटर. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण अंगठा आत दाबून त्यावर बोटं आवळायची पकड माझ्या लहान हाताला जाड बारवर बसतच नाही. तालुक्यातल्या इतर जिममध्ये मला असा बार दिसला नाही. इथं आहे, पण एकच. तीन बायका आल्या की थांबावं लागतं. फी महिन्याला ५०० रुपये घेतात, तर दुसरा बार आणायलाच हवा.

शिकवण्याची पद्धत मला फार आवडली. सुरुवातीला हातात नुसता पीव्हीसी पाइप देतात. उचलायचे प्रकार दोन. स्नॅच म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर. क्लीन अँड जर्क म्हणजे आधी खांद्यावर, मग वर. सरांचं सारखं चालू असतं, "ताई, हातानं ओढू नका, पायानं जमीन दाबा." त्यानंतर शिकवतात बार टाकायला. वजन पुढे चाललं तर ढकलून मागे सरायचं, मागे गेलं तर सोडून पुढे निघायचं. चकत्या रबराच्या, खाली लाकडी प्लॅटफॉर्म, त्यामुळे पडला तरी काही बिघडत नाही. माझी भीती तिथं गेली. सुटका कशी करायची हे अंगात बसलं, की माणूस वजनाखाली बिनधास्त बसतो.

सासूबाई म्हणाल्या होत्या, "बाईच्या जातीनं एवढं वजन उचलू नये बाप्पा, अंग बाहेर येते." त्यांची काळजी खोटी नव्हती, माझी दोन बाळंतपणं त्यांच्या डोळ्यांसमोर झाली. सर प्रत्येकीला बाळंतपण, सिझर, बीपी, कंबर असं सगळं विचारतात आणि गरज वाटली तर आधी डॉक्टरांकडे पाठवतात. घरी मी मीराबाई चानूचा व्हिडिओ दाखवला. ४९ किलो वजनी गटातल्या त्या पोरीनं टोकियो ऑलिम्पिकमध्ये ११५ किलो डोक्यावर नेले आणि रौप्यपदक घेतलं. सासूबाईंनी तो पुन्हा लावायला सांगितला.

युरियाची गोणी ४५ किलोची. पूर्वी हंगामात हमाल आला नाही की मी गिऱ्हाइकाला उद्या या म्हणायची. आता बूड खाली, पाठ ताठ, गोणी अंगाशी, आणि मीच थप्पीवरून काढून देते. गिऱ्हाईक "राहू द्या वहिनी" म्हणेपर्यंत गोणी काट्यावर असते. याचा मला मनापासून अभिमान आहे.

उणिवाही आहेत. कपडे बदलायला फक्त पडदा, संडास सगळ्यांना मिळून एक. बायकांना बोलवायचं तर हे आधी सुधारा, मी सरांना तोंडावर सांगितलं आहे. सर पोरांना घेऊन स्पर्धेला गेले की शिकणाऱ्यांतला एक मोठा पोरगा वर्ग घेतो. तो मन लावून शिकवतो, पण पाठ गोल झालेली त्याच्या लक्षात येत नाही. अशा दिवशी वजन वाढवू नका.

मे महिन्यात संध्याकाळची बॅच घेऊच नका, टिन तापलेलं असते. सकाळी साडेपाचला जा, तेव्हा बारही मोकळा मिळतो. धावायचे मऊ बूट नकोत, टाच दबते. कडक तळव्याचे घाला. बूट नसतील तर सरांकडे जुने जोड आहेत, पण पाच नंबरचा एकच आहे आणि बहुतेक तो मी घातलेला असतो.