माझ्या नसा, त्यांच्या कॅप्सूल आणि 27,250 रुपये

लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. गेल्या श्रावणात लोणच्याची बरणी हातात फुटली आणि उजव्या मनगटातली नस कापली गेली. रक्ताची नव्हे, संवेदनेची. मीडियन म्हणतात तिला. ऑपरेशन करून जोडली. जखम भरली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं अशी जळायची की नळाचं पाणी लागलं तरी करंट बसायचा. माझं पोळीभाजी केंद्र आहे. लाटणं धरवेना, रोजच्या तीनशे पोळ्या जावेच्या गळ्यात. अशा वेळी माणूस कुठेही जातो. मी अडाणी नाही, बी. कॉम. आहे.

शेजारीण एका मंगल कार्यालयातल्या ‘मोफत’ शिबिराला घेऊन गेली. मोफत होता तो चहा. क्वांटम मशीनचे 500. हातात धातूची दांडी धरायची, मिनिटभरात लॅपटॉपमधून चाळीस पानी रिपोर्ट. माझी अँटिऑक्सिडंट पातळी म्हणे 23 टक्के. आणि सतराव्या पानावर माझ्या प्रोस्टेटला किंचित सूज! अहो, मी बाई आहे. मी पानावर बोट ठेवून दाखवलंसुद्धा. टाय लावलेला पोरगा हसला, “काकू, आधीच्या काकांचं पान आलं चुकून,” म्हणत त्याने ते पान ओढून काढलं, घडी घालून खिशात टाकलं. पानाच्या डोक्यावर नाव माझंच होतं. ते मी वाचलं होतं. वाचूनही मी त्याच्याबरोबर हसले! आजही रात्री जाग आली की ती घडी दिसते.

मग अल्फा लिपोइक ॲसिड या अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूलच्या तीन डब्या, 4,650 ला एक, म्हणजे 13,950. दोन महिन्यांनी ‘मेंटेनन्स’च्या तीन, 11,700. वर सभासद होण्याचे 1,100, म्हणजे मी इतरांना गळाला लावायचं. (एकीलाही लावलं नाही, एवढंच समाधान.) उंदराच्या नसेला दोरा बांधून केलेले प्रयोग मोबाईलवर दाखवले. ते प्रयोग खोटे नाहीत, उंदरांना फरक पडलाय. पण माणसांवर अल्फा लिपोइक ॲसिडचा अभ्यास झालाय तो मुख्यतः मधुमेहाने नसा खराब झालेल्यांवर, आणि कॉक्रेन या अभ्यास तपासणाऱ्या संस्थेच्या 2024 च्या आढाव्यात त्यांनासुद्धा सहा महिन्यांत फारसा फायदा दिसला नाही. मुलीने हे दहा मिनिटांत शोधलं. पैसे गेल्यावर.

खरा राग वेगळाच आहे. नसेच्या जळजळीवर मी प्रीगाबालिनची गोळी घेत होते. “प्रीगाबालिन किडनी खाते, बंद करा,” असं शिबिरवाल्यांनी सांगितलं आणि मी एका दिवसात बंद केली. चार रात्री डोळ्याला डोळा नाही, घामाने उशी ओली. फोन केला तर “विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण.” ही गोळी अशी एकदम सोडायची नसते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका, सांगणारा कितीही गोड बोलो.

पाचव्या महिन्यात जळजळ कमी झाली. कॅप्सूलचा गुण म्हणून मी पेढे वाटले! फिजिओथेरपीवाल्या ताई दर खेपेला मनगटापासून टिचक्या मारत येत, जिथे करंट लागेल तिथे, म्हणजे नस जिथवर वाढली तिथे, पेनने ठिपका देत. ठिपका तळहातावरून बोटांकडे सरकत होता. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, हे सर्जननी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ठिपके माझ्याच हातावर होते.

चौकीत गेले. “पैसे तुम्हीच दिलेत ना? मग फसवणूक कशी?” औषधांच्या कचेरीत म्हणाले, हे औषधच नाही, अन्न आहे, वरच्या मजल्यावर जा. वरचे साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला भेटले, डबी फिरवून बघितली आणि म्हणाले, लेबल बरोबर आहे, ‘औषधी वापरासाठी नाही’ छापलंय की. छापलंय, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात! अशा पूरक अन्नाच्या 2016 च्या नियमांप्रमाणे ते छापावंच लागतं. मग शिबिरात माइकवर औषध म्हणून विकलं, त्याचं काय? “त्याचा पुरावा आणा.” म्हणजे फसताना रेकॉर्डिंग करायचं. एका टेबलावर तर मलाच विचारलं, शिकलेल्या दिसता, मग?

पावती घ्याच. मला छापील मिळाली नाही, यूपीआयच्या नोंदी तेवढ्या आहेत. डबीवर आधी तेच वाक्य शोधा. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकीलही लागत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर विचारा. मी अर्ज केलाय. दोन डब्या सीलबंद ठेवल्यात, आणि तो एकोणचाळीस पानी रिपोर्टही.